राहुल आवारे १९५२ च्या हेलसिंकीत उतरला असता तर? आणि खाशाबा आजच्या गादीवर आले तर?

परवा पाचोडला घरी गेलो होतो. संध्याकाळी टपरीवर चहाला बसलो, तर शेजारच्या बाकावर तीन पोरं मोबाईलमध्ये डोकी घालून भांडत होती. विषय टेनिसचा. गाव पैठण तालुक्यातलं, ओळख मोसंबीच्या बाजाराची, आणि वाद काय, तर कार्लोस अल्काराझला उचलून १९६९ सालात नेऊन सोडलं, हातात लाकडी रॅकेट दिली, तर रॉड लेव्हरसमोर त्याचा निभाव लागेल का? कुठलीतरी रील फिरत होती, त्यावरून पेटलेलं सगळं.

पलीकडे एक बाबा बसलेले. कान सुजून चपटे झालेले, म्हणजे पैलवान माणूस, विचारायची गरजच नाही. त्यांनी मध्येच तोंड घातलं, "ते टेनिसचं राहू द्या रे. आताचे हे गादीवरचे पैलवान आमच्या टायमाला मातीत टिकले असते का, ते सांगा."

पोरं हसली आणि परत रीलकडे वळली. मला मात्र तो प्रश्न चिकटला. कारण टेनिसवाल्यांना असल्या लढती बहुतेक वेळा डोक्यातच लावाव्या लागतात. आपल्या महाराष्ट्रात मात्र माती आणि गादी या दोन काळांची गाठ खरोखर पडते, आणि त्याचे निकालही उपलब्ध आहेत.

आधी टेनिसचं उरकून घेऊ, कारण तिथंही एक खराखुरा प्रयोग झालाय.

ब्योन बोर्ग. ११ ग्रँड स्लॅम, आणि पंचविशी ओलांडल्यावर लगेच निवृत्ती. १९९१ मध्ये हा माणूस मॉन्टे कार्लोच्या स्पर्धेत परत आला, तोही जुनी लाकडी रॅकेट घेऊन. तोवर बाकी सगळे ग्रॅफाइटवर गेले होते. पहिल्याच फेरीत स्पेनच्या जॉर्डी अरेसेनं त्याला ६-२, ६-३ असं गुंडाळलं. आता यातून काय सिद्ध झालं? बोर्ग संपला होता की लाकूड संपलं होतं? वय आणि हत्यार दोन्ही एकदम बदललं, त्यामुळे सांगताच येत नाही. काळांची तुलना करताना हीच अडचण येते. एक गोष्ट हलवायला जावं तर चार गोष्टी सोबत हलतात.

लेव्हरनं १९६९ मध्ये चारही ग्रँड स्लॅम जिंकल्या तेव्हा त्यातल्या तीन गवतावर होत्या. आज गवतावर एकटी विम्बल्डन उरलीय. गवतावर चेंडू खाली राहतो, घसरून येतो. लाकडी रॅकेटचा चेहरा आजच्या रॅकेटच्या दोन तृतीयांश असायचा. अल्काराझ जो चेंडू मनगटाच्या झटक्यानं फिरवून कोपऱ्यात टाकतो, त्यामागे त्याचं मनगट आहेच, पण मोठी रॅकेट आणि पॉलिएस्टरच्या तारा पण आहेत. त्या काढून घेतल्या की त्याला दुसरा खेळ शिकावा लागेल. शिकेलही. पण मग तो आपल्याला माहीत असलेला अल्काराझ राहील का?

बाबांचा प्रश्नही हाच होता, फक्त मातीतला.

माती आणि गादी: फरक नेमका कशात?

गादी म्हणजे मॅट. फरक फक्त खाली काय अंथरलंय एवढाच असता तर भानगड सोपी होती.

लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ करतात. पाय त्यात रुततो. त्यामुळे लांबून झेप घेऊन पट काढणं जड जातं. जवळ येऊन, पकड घेऊन, ताकदीनं आणि सबुरीनं खेळावं लागतं. गादीवर पायात बूट, पाय चिकटतो आणि क्षणात सुटतोही. तिथं वेगाला भाव.

पण खरा बदल नियमांचा आहे. जत्रेतल्या जंगी कुस्तीत जिंकायचं म्हणजे समोरच्याला चितपट करायचं. दोन्ही खांदे मातीला लागले की खेळ खल्लास, नाही लागले तर काहीच झालं नाही. तुम्ही दहा वेळा खाली गेलात, पोटावर पडून राहिलात, तरी हरला नाहीत. अर्धा अर्धा तास कुस्ती चालायची आणि शेवटी पंच दोघांचे हात धरून ती बरोबरीत सोडवायचे. आजोबा-पणजोबांच्या गप्पांमधल्या कितीतरी गाजलेल्या कुस्त्या अशाच बरोबरीत सुटलेल्या असतात.

फ्रीस्टाइलमध्ये गादीवर तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. समोरच्याला खाली घेतलं की २ गुण. त्याची पाठ गादीकडे वळवली, खांदा टेकला नाही तरी २ गुण. रिंगणाबाहेर ढकललं तर १. नुसतं टाळत राहिलात तर पंच इशारा देतो आणि मग घड्याळ लावतो, ३० सेकंदांत गुण घ्या, नाहीतर समोरच्याला द्या. १० गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपली.

म्हणजे बघा, मातीत जो बचाव म्हणून शिकवला जातो, तो गादीवर गुन्हा ठरतो. मातीत मुरलेला पैलवान डाव मारताना स्वतःच्या पाठीवरून लोळण घेतो, त्याला त्यात धोका वाटत नाही. गादीवर त्या लोळणीचे गुण समोरच्याला जाऊ शकतात. लांग किंवा जांघिया धरून मारायचे मातीतले डाव तर गादीवर बादच. तिथं कपड्याला हात लावायचा नाही.

उलटही तितकंच खरं. गादीवरचा पोरगा सहा मिनिटांच्या हिशोबानं दम कमावतो. दोन गुण घेतले, आघाडी राखली, वेळ काढली, जिंकला. त्याला जुन्या जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीला उभं करा. गुण नाहीत, घड्याळ नाही, समोरचा वजनाला वीस किलो जास्त, आणि जिंकायचं तर त्याचे दोन्ही खांदे टेकवायचे. आघाडी राखायची सोयच नाही. मग सांगा, कोण भारी?

५७ किलोचे दोघं

आता दोन माणसं घेऊ. दोघंही महाराष्ट्राचे, आणि योगायोग म्हणजे दोघांचं नाव एकाच वजनगटात झालं, ५७ किलो.

पहिले खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६. २३ जुलै १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, आणि गंमत बघा, ते आलं टेनिसमध्ये, लिएंडर पेसकडून.

दुसरा राहुल आवारे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा, म्हणजे पाचोडहून सोलापूर हायवेनं निघालं की आपल्या वाटेवरचाच माणूस. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण. फायनलला कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला त्यानं १५-७ असं हरवलं. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलोला कांस्य.

आता राहुलला १९५२ ला पाठवू. तेव्हा कुस्ती १५ मिनिटांपर्यंत चालायची. चितपट झाली नाही तर तीन पंच मत द्यायचे. १५-७ असा गुणफलक डोक्यावर झळकत नव्हता. त्याच्यासारखा सारखा हल्ला करणारा, गुणांचा पाऊस पाडणारा पैलवान पंचांच्या नजरेत भरला असता हे नक्की. पण सहा मिनिटांचा भाता पंधरा मिनिटं पुरवायचा, हे काम वेगळं.

खाशाबांना आज आणू. ते मातीतले, आणि आंतरराष्ट्रीय दर्जाची गादी त्यांना खऱ्या अर्थानं भेटली ती १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकच्या निमित्तानं. तिथं रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकानं त्यांना थोडं तयार केलं, आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले. आयुष्यभर माती, थोड्या दिवसांची गादी, आणि जगात सहावा! चार वर्षांनी वजनगट बदलून, वरच्या गटात जाऊन, पदक. जमीन बदलली तरी खेळ बदलून घेणारा माणूस असतो, याचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही. ढाक हा त्यांचा हुकमी डाव सांगितला जातो. उभ्यानं नीट बसला तर आजच्या नियमांत त्याला एका दणक्यात ४ गुण आहेत.

मग उत्तर मिळालं का, दोघंही दोन्हीकडे जिंकले असते? थांबा. आपण आतापर्यंत फक्त त्यांचं शरीर आणि कसब हलवलं. बाकीचं सामान इथंच राहिलंय.

घर गहाण, ७ हजार रुपये

१९५२ ला हेलसिंकीला जायचं तर तिकिटाचे पैसे कोण देणार, हा पहिला प्रश्न होता. निवडीवरूनही वाद झाला. खाशाबांना दाद मागावी लागली, मग पुन्हा कुस्ती लावली गेली, ती जिंकून त्यांनी जागा मिळवली. पैशांसाठी गावानं वर्गणी काढली. आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लांबलेली कुस्ती झाली. इशीच पुढे सुवर्ण जिंकला. त्या कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं, आणि नियमावर बोट ठेवून भांडायला तिथं भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगितलं जातं. आज गादीच्या कोपऱ्यात प्रशिक्षक बसतो. निर्णय पटला नाही तर चॅलेंज घेतो, पंच व्हिडिओ बघतात. फिजिओ असतो, मॅनेजर असतो.

राहुलला १९५२ ला पाठवायचं तर हे सगळं काढून पाठवावं लागेल. पाटोद्याच्या पोराला तेव्हा घर गहाण ठेवणारा प्राचार्य भेटला असता का? हा प्रश्न कुस्तीचा नाही, आणि माझ्या मते पूर्ण वादातला सगळ्यात जड प्रश्न हाच आहे. आपण "तो त्या काळात जिंकला असता का" असं विचारतो तेव्हा तो त्या काळात स्पर्धेपर्यंत पोचला असता हे गृहीतच धरतो. खाशाबा पोचले. त्यांच्या तालमीतले, त्यांच्याइतकेच तयारीचे किती जण तिकिटावाचून राहिले, त्याची नोंद कुठं असणार?

आणि आजचा काळ म्हणजे सगळं सोपं, असंही नाही बरं का. राहुल आवारेच्या नावावर जागतिक पदक आहे, राष्ट्रकुलचं सुवर्ण आहे, पण ऑलिम्पिक नाही. त्याच्या वजनात देशातच गर्दी. रिओला ५७ किलोची जागा संदीप तोमरला मिळाली, टोकियोला रवी दहियाला, आणि दहियानं तिथं रौप्य आणलं. एका देशाचा एका गटात एकच पैलवान. जुन्या काळात प्रवासाची अडचण, नव्या काळात रांगेची.

नोकरीचंही बघा. ऑलिम्पिक पदक जिंकलेले खाशाबा १९५५ ला पोलिसात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. १९८४ ला त्यांचं अपघाती निधन झालं होतं. राहुलला राज्य सरकारनं थेट डीवायएसपी केलं. याला कुणी काळाचा न्याय म्हणेल. मी म्हणेन, खाशाबांनी ज्या दारावर धडका दिल्या त्यातून पुढचे आत गेले.

मुलींच्या बाबतीत तर या खेळाचं उत्तर एका ओळीत संपतं. प्रतीक्षा बागडी २०२३ ला सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. तिला १९५४ ला पाठवा. कुठं उतरणार? त्याच काळात हमीदा बानू नावाची उत्तर प्रदेशातली पैलवान पुरुषांशी कुस्त्या खेळत होती. १९५४ ला बडोद्यात तिनं बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत पाडलं. पण आपल्या पुण्यात रामचंद्र साळुंखेंशी ठरलेली तिची कुस्ती स्थानिक विरोधामुळे रद्द झाली. ऑलिम्पिकमध्ये महिलांची कुस्ती आली २००४ ला. तिथं माती की गादी हा प्रश्नच येत नाही, आखाड्यातच येऊ देत नव्हते.

महाराष्ट्र केसरी: दरवर्षीचा प्रयोग

आता बाबांच्या प्रश्नाकडे. पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली १९६१ ला, आपल्याच जिल्ह्याच्या गावी, तेव्हाच्या औरंगाबादला. दिनकर दह्यारी जिंकले. आज या स्पर्धेत दोन विभाग असतात, माती आणि गादी. मातीचा विजेता आणि गादीचा विजेता शेवटी एकमेकांना भिडतात. जगात दुसऱ्या कुठल्या खेळात जुन्या आणि नव्या मैदानाचे विजेते असे समोरासमोर उभे करत असतील, मला शंका आहे. विम्बल्डनच्या विजेत्याला लाकडी रॅकेटवाल्या विजेत्याशी खेळवा, असं म्हटल्यासारखं आहे हे.

निकाल बघा. डिसेंबर २०१८, जालना. मातीतून आलेल्या बाला रफिक शेखनं गादीच्या अभिजीत कटकेला ११-३ नं हरवलं. जानेवारी २०२०, पुणे. गादीचा हर्षवर्धन सदगीर, मातीतून लातूरचा शैलेश शेळके, निकाल ३-२, सदगीर. यातली मजा अशी की दोघंही काका पवारांच्या एकाच तालमीतले. २०२२ साताऱ्यात गादीचा पृथ्वीराज पाटील ५-४ नं. जानेवारी २०२३ ला गादीचा शिवराज राक्षे मातीच्या महेंद्र गायकवाडवर भारी पडला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मातीतून आलेल्या सिकंदर शेखनं याच राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट केलं. २०२५ ला अहिल्यानगरला परत गादी, पृथ्वीराज मोहोळ.

सहापैकी चार गादीकडे, दोन मातीकडे. किताबाची शेवटची लढत गादीवर होते, हे लक्षात घेतलं तर मातीवाल्यांनी घेतलेले दोन किताब काही कमी नाहीत.

पण इथं एक मेख आहे, ती बाबांना सांगायला हवी होती. केसरीतली माती ही त्यांची माती राहिलेली नाही. तिथंही आता गुण असतात. जानेवारी २०२३ ला मातीच्या गटात महेंद्र गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला ४ गुण दिले म्हणून राज्यभर वाद पेटला होता, आठवत असेल. जुन्या मातीत ४ गुण ही भानगडच नव्हती. जमीन जुनी ठेवली, कायदा नवा आणला. शिवाय पैलवानही सरमिसळ झालेत. सकाळी माती, संध्याकाळी गादी, जत्रेच्या सीझनला जत्रा, निवड चाचणीच्या तोंडावर गादी. शुद्ध मातीचा आणि शुद्ध गादीचा असे दोन पैलवान आता लावायचे म्हटले तरी सापडायचे नाहीत.

आणि जुन्यांना गादी झेपली नसती, हा समज तर साफ चुकीचा. १९६२ ची जकार्ता आशियाई स्पर्धा घ्या. गणपत आंदळकर आणि मारुती माने, दोघंही मातीतले, हिंदकेसरीचा मान मिळालेले, दोघंही सुवर्ण घेऊन आले. राहुल आवारेला घडवणाऱ्यांमध्ये हरिश्चंद्र बिराजदार होते, १९६९ चे महाराष्ट्र केसरी, लातूरचे, अस्सल मातीतले. म्हणजे २०१८ चं गादीवरचं सुवर्ण अर्धं मातीच्या वस्तादानंच कमावलंय. दोन काळांत भिंत आपण रीलमध्ये घालतो. तालमीत ती नसते.

तरी एक आकडा राहतो, आणि तो बोचतो. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं २०२४ ला, पॅरिसमध्ये, स्वप्नील कुसाळेला. ७२ वर्षांनी. तेही नेमबाजीत. कुस्तीत अजून दुसरं आलेलंच नाही. ज्या राज्यात गावोगावी तालमी, त्या राज्यात. या काळात हरियाणानं पोरं लहानपणीच गादीवर उतरवली. आपल्याकडे जत्रेतल्या इनामाची ओढ मोठी आहे, आणि ती मला चूक वाटत नाही. घरात खुराकाला पैसे लागतात. बदाम, तूप, दूध हे गुणांवर मिळत नाही, इनामावर मिळतं.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. माझा चुलत भाऊ चौदा वर्षांचा आहे, तालमीत जातो. त्याच्या तालमीत माती आहे, गादी नाही. शाळेच्या कुस्ती स्पर्धा मात्र गादीवर होतात. गेल्या वेळी तो तिथं खाली गेल्यावर पोटावर घट्ट पडून राहिला, वस्तादांनी शिकवल्याप्रमाणे. समोरच्यानं त्याला पायाला धरून दोन-तीनदा फिरवला आणि मिनिटभरात कुस्ती संपली. घरी येऊन तो म्हणाला, "दादा, मी चितपट झालोच नव्हतो."

टपरीवर त्या दिवशी मी बाबांना विचारलं, "तुम्ही कधी गादीवर खेळलात का?"

"एकदा," ते म्हणाले. "जिल्ह्याला. हरलो."

"कसे?"

"अजून कळलं नाही. पंचानं त्याचा हात वर केला, मी तर उभाच होतो."

मग त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पोरांच्या मोबाईलकडे मान करून विचारलं, "त्यात त्या गादीच्या गुणांचं काही दाखवतात का?" मी रविवारी चुलत भावाला घेऊन येतो म्हटलं. एका फोनवर राहुल आवारेची गोल्ड कोस्टची फायनल डाउनलोड करून ठेवलीय, १५-७ वाली. दोघांना सोबतच दाखवणार आहे, प्रत्येक गुणाला थांबवून.